समेटाची प्रक्रिया : मत्तयाच्या १८व्या अध्यायातील शब्दविचार

ख्रिस्ती मंडळीतील कलह मिटविण्याच्या पद्धतीचा विचार करताना मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातील १५ ते १७ ही वचने सामान्यतः मूलाधार मानली जातात. तीत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रथम अपराध्याशी एकान्तात बोलणे, ते निष्फळ झाल्यास आणखी एकदोघांस सोबत नेणे, आणि त्यानंतरच मंडळीस कळविणे. दुसऱ्या पायरीचे मूळ अनुवादाच्या पुस्तकातील (१९:१५) दोन-तीन साक्षीदारांच्या नियमात आहे.

ही योजना म्हणजे न्यायालयीन कारवाईची छोटी आवृत्ती होय, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि मूळ ग्रीक शब्द पाहिले असता तो टिकत नाही. पहिल्या पायरीच्या यशासाठी योजलेले क्रियापद 'केर्दाइनो', म्हणजे नफा मिळविणे, हे आहे. वाद जिंकावयाचा नसून भाऊ मिळवावयाचा आहे. पौलाने समेटासाठी वापरलेला 'कतल्लागे' हा शब्दही विनिमयाच्या, नाण्यांच्या अदलाबदलीच्या व्यवहाराशी संबद्ध आहे. वैराच्या जागी स्नेह येणे हा त्याचा लाक्षणिक अर्थ. मराठी भाषांतरांत येथे 'समेट' हा शब्द रूढ झाला. निवाड्यात एक पक्ष हरतो, तडजोडीत दोन्ही पक्ष काही सोडतात. समेटात तुटलेला संबंध पुन्हा जडतो.

१७व्या वचनाचा शेवट कठोर वाटतो. मंडळीचेही न ऐकणाऱ्यास परराष्ट्रीय व जकातदार यांच्यासारखा समजावे, असे तेथे म्हटले आहे. परंतु येथील सर्वनाम एकवचनी आहे, तर बांधण्या-सोडण्याचा अधिकार सांगणाऱ्या १८व्या वचनात क्रियापदे अनेकवचनी होतात. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद मराठीत सहज राखता येतो, आधुनिक इंग्रजीत तो लोपतो. शिवाय याच ग्रंथात (९:९) जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला येशू शिष्य म्हणून बोलावितो. त्यामुळे जकातदार ठरणे म्हणजे कायमचे तोडले जाणे, असा अर्थ काढणे अवघड होते.

या पद्धतीची मर्यादा 'भाऊ' या शब्दातच आहे. तीत दोन्ही पक्षांची समानता गृहीत धरलेली आहे. अपराधी व्यक्ती अधिकारपदावर असेल, तर पीडिताने तिला एकट्याने गाठावे हा आग्रह अन्यायाचा ठरतो. वडिलांवरील आरोपाविषयी तीमथ्याच्या पहिल्या पत्रात (५:१९-२०) साक्षीदारांची अट आहे, पण पाप करीत राहणाऱ्यांस सर्वांसमक्ष दोष देण्याची आज्ञाही आहे. भारतात बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती शासकीय यंत्रणेस देणे २०१२च्या अधिनियमाने बंधनकारक आहे. तेथे मंडळीतील समेट हा पर्याय होऊ शकत नाही. सत्य लपवून साधलेल्या शांततेस 'समेट' म्हणणे हा अर्थाचा विपर्यास होय.