कथा-कादंबऱ्या व आत्मकथने यांची निवड : निवेदनभाषेचा निकष

ग्रंथालयासाठी ललित पुस्तके निवडताना यादीत विविधता असावी, असा आग्रह सर्वत्र धरला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु ही विविधता मोजण्याची प्रचलित रीत विषयांच्या मोजणीची आहे. एक ऐतिहासिक कादंबरी, एक ग्रामीण, एक दलित आत्मकथन, एखाद्या स्त्रीचे आत्मचरित्र, दोन-तीन विनोदी पुस्तके, एखादे भाषांतर आणि कुमारांसाठी काही साहसकथा एवढी घरे भरली की यादी पुरी झाली असे मानण्यात येते. शाळा-महाविद्यालयांकडून मराठीच्या विभागांकडे अशा याद्यांची मागणी वरचेवर होत असते. आज जे पदव्युत्तर वर्गात आहेत त्यांपैकी पुष्कळजण उद्या शिक्षक किंवा ग्रंथपाल या नात्याने स्वतःच त्या करतील. खरेदीस मिळणारा पैसा थोडा असतो, आणि एकदा घेतलेले पुस्तक वर्षानुवर्षे त्याच कपाटात राहते. त्या कपाटापलीकडे ज्यांच्या घरी दुसरे पुस्तक नाही अशा वाचकांपुरती ती यादी म्हणजेच मराठी साहित्य होय. म्हणून तिचा विचार थोडा बारकाईने करणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखात तो भाषाभ्यासाच्या बाजूने करावयाचा आहे.

कथात्मक गद्यात भाषेचे दोन थर असतात. एक पात्रांच्या तोंडची भाषा, जी सामान्यतः अवतरणचिन्हांच्या आत असते. दुसरी निवेदकाची, म्हणजे चिन्हांच्या बाहेरची. या दोन थरांत समान अंतर नसते. मराठी ग्रामीण कादंबरीच्या एका मोठ्या भागात चिन्हांच्या आत बोली आणि बाहेर प्रमाण भाषा अशी वाटणी दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांच्या तोंडी माणदेशी बोली आहे. सांगणारा तरुण शाळामास्तर प्रमाण भाषेच्या जवळच्या, साध्या मराठीत सांगतो. येथे ही वाटणी कथेतूनच निघालेली आहे. मास्तर बाहेरून आलेला आहे, शिकलेला आहे, आणि त्या वाडीस समजून घेणे हाच कादंबरीचा व्यापार आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिक आणि तिचे कुटुंब वऱ्हाडी बोलते. निवेदन मुख्यतः प्रमाण भाषेच्या चौकटीत राहते. दोन्ही कृती श्रेष्ठ आहेत, त्याविषयी वाद नाही. परंतु एखाद्या यादीत ग्रामीण म्हणून दहा पुस्तके असली आणि दहाही याच जातीची असली, तर विषय दहा झाले, प्रदेश कदाचित सहा झाले, पण निवेदनाची भाषा एकच राहिली. अशा यादीतून वाचकास न सांगता एक गोष्ट शिकविली जाते: बोली ही उद्धृत करावयाची वस्तू आहे, तिच्यात जगाविषयी काही सांगता येत नाही. ज्या मुलीच्या घरी 'मले', 'तुले' असेच बोलले जाते तिला आपली भाषा पुस्तकात भेटते खरी, पण नेहमी कोणीतरी दुसऱ्याने पुढे करून दाखविलेली अशीच भेटते.

यास अपवाद आहेत, आणि निवड करणाऱ्याने ते मुद्दाम हुडकले पाहिजेत. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'त (१९७१) नारबा हा शेतगडी आपली सारी हकीकत स्वतःच्याच बोलीत सांगतो. अवतरणचिन्हांची सीमा येथे पुसली गेली आहे. शेत, जनावरे, झाडे, एकटेपणा, आणि यंत्र आल्यावर या सर्वांचे काय होते, हे सारे त्या बोलीला पेलते की नाही, हा प्रश्न कादंबरी वाचूनच सोडवावयाचा आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'स (१९६३) बोलीभाषेची कादंबरी म्हणणे बरोबर नाही. पण पांडुरंग सांगवीकराचे निवेदन त्या काळच्या लेखी प्रमाण भाषेपासून इतके दूर सरकले होते की तीही या दुसऱ्या बाजूसच ठेवावी लागते. उलट 'मृत्युंजय' (१९६७) पाहा. तीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे निरनिराळे निवेदक पाळीपाळीने बोलतात. रचनेच्या दृष्टीने ही विविधताच. परंतु सर्वांची भाषा एकाच अलंकृत वळणाची आहे, आणि नाव झाकून परिच्छेद वाचला तर वक्ता ओळखणे सोपे जात नाही. लोकप्रियतेविषयीची ही तक्रार नव्हे. निवेदकांची संख्या आणि निवेदनभाषांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

आत्मकथनांकडे वळले म्हणजे हा निकष अधिक सूक्ष्म करावा लागतो. आत्मकथन हे 'मी'चे गद्य, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मराठी आत्मकथनांत हा 'मी' फार वेगवेगळ्या रीतींनी उभा राहतो. रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाचे नावच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) असे आहे, आणि त्यात पतीचा निर्देश त्या 'स्वतः' या शब्दाने करतात. नाव घ्यावयाचे नाही या सामाजिक संकेतातून व्याकरणाने काढलेली ही वाट आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४ ते १९३७) पती सरळ 'टिळक' होतात, आणि त्या एका नामात आदर, थट्टा व वैताग यांचे सारे स्वर मावतात. दोघीही विवाहानंतर शिकल्या, दोघींचे पती नामांकित होते. म्हणून विषयवार यादी करणारा 'थोर पुरुषाच्या पत्नीचे आत्मचरित्र' या घरात दोहोंपैकी एकच पुस्तक घेईल आणि काटकसर केली असे समजेल. माझ्या मते ही काटकसर चुकीची आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवूनच वाचावयाची आहेत.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. ऐकणाऱ्यास वगळून बोलावयाचे तेव्हा पहिले, त्याला सामावून घ्यावयाचे तेव्हा दुसरे. ज्या भाषांत हा भेद नाही त्यांतील आत्मकथनांस जी गोष्ट आडवाटेने सांगावी लागते ती मराठी लेखकास एका सर्वनामाने सांगता येते: मी हे कोणाला सांगत आहे? बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (पुस्तकरूपाने १९८६) वाचताना हे ध्यानात घ्यावे. तेथे कथनाचा कर्ता एकट्या लेखिकेपेक्षा तिचा समाज, त्यातही त्या समाजातील बाया, असा आहे. आणि त्या 'आम्ही'बाहेर उभ्या असलेल्या वाचकास आपण बाहेर आहोत याची जाणीव प्रत्येक पानावर होते. त्याच समाजातील तरुण वाचकाचा अनुभव वेगळा असतो. व्याकरणदृष्ट्या ऐकणारा म्हणून तोही बाहेरच. परंतु जे सांगितले जात आहे त्याच्या तो आत असतो. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) याहून निराळी योजना आहे. दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे. एक सांगतो, दुसरा ऐकतो. श्रोता येथे पुस्तकाच्या आतच बसविलेला आहे, आणि शिकून बाहेर पडलेल्या माणसाने आपल्या मागे राहिलेल्या 'मी'कडे कसे पाहावे हा प्रश्न त्या योजनेतूनच उभा राहतो. ही दोन आत्मकथने एकाच घरात टाकून त्यांपैकी 'प्रातिनिधिक' कोणते असे विचारणे म्हणजे दोहोंसही न वाचणे होय.

निवेदन कोणत्या भाषेत आणि ते कोणास उद्देशून, हे दोन प्रश्न एकदा हाती आले की प्रौढ आणि कुमार या भेदाकडेही वेगळ्या रीतीने पाहता येते. कुमारांसाठी पुस्तक निवडताना सहसा दोन गोष्टी तपासतात: विषय वयाला झेपेल काय, आणि शब्द सोपे आहेत काय. पहिली तपासणी आवश्यक आहे, मात्र ती भितरेपणाने करू नये. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यापासून 'बलुतं' दूर ठेवण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती ते कोणी देणारही नाही. दुसरी तपासणी मात्र फसवी आहे. शब्दांच्या अवघडपणाने मुले अडतात हे खरे असते, तर 'स्वामी' (१९६२) किंवा 'मृत्युंजय' शाळकरी वयात कोणी वाचलेच नसते. त्यांतील संस्कृतप्रचुर शब्दांचा नेमका अर्थ न कळताही मुले पुढे जातात, कारण वाक्य कोठे चालले आहे हे त्यांस कळत असते. याउलट चार-चार अक्षरांचे सोपे शब्द असूनही ज्या निवेदनात कोण कोणाशी बोलतो आहे हे कळत नाही, तेथे मूल दुसऱ्याच पानावर थांबते.

साने गुरुजींच्या 'श्यामच्या आई'चे (१९३५) उदाहरण घ्यावे. त्यातील भावुकतेविषयी मतभेद आहेत आणि ते राहोत. पण ते पुस्तक प्रौढ व मुले दोघांच्याही हाती इतकी वर्षे टिकले याचे एक कारण त्याच्या निवेदनाच्या बांधणीत आहे. श्याम आपल्या मित्रांस रात्री आठवणी सांगतो. प्रकरणांचे विभाग 'रात्रीं'चे आहेत. ऐकणारे समोर बसलेले असल्यामुळे वाक्ये कानासाठी घडली आहेत, आणि वाचणारे मूल त्या ऐकणाऱ्यांत जाऊन बसते. आता याच्या शेजारी प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा ठेवाव्यात ('वनवास', १९९४ आणि पुढील तीन पुस्तके). येथे आठवण सांगणारा प्रौढ नाही. मुलगाच सांगतो आहे. सीमाभागातील मराठी, तिच्यात सहज मिसळलेले कानडी शब्द, त्या मुलाचे स्वतःचे अवाढव्य आकडे आणि स्वतःची विशेषणे, असे हे निवेदन आहे. ही पुस्तके प्रौढांच्या कपाटात ठेवली जातात, कारण ती मोठ्यांच्या साहित्यात गणली गेली. भास्कर रामचंद्र भागवतांचा फास्टर फेणे मात्र कुमारांच्या कपाटात असतो आणि मोठे त्याकडे फिरकत नाहीत. दोन्ही ठिकाणी कपाटाने वाचकाचे नुकसान केले आहे. पहिल्या ठिकाणी अधिक.

बोलीतील निवेदन कुमारांस जड जाते, हा आक्षेप येथे येणारच. तो अर्धाच खरा आहे. बोलीच्या लेखनास ठरलेले शुद्धलेखन नाही; प्रत्येक लेखक आपापल्या कानाप्रमाणे लिहितो. त्यामुळे 'ळ'च्या जागी 'य' येऊन 'डोळा'चे 'डोया' झाले किंवा 'पाणी'चे 'पानी' झाले की शब्दाची नेहमीची आकृती मोडते आणि डोळा अडखळतो. ही अडचण डोळ्याची आहे, कानाची नाही. पहिली चार-पाच पाने कोणी मोठ्याने वाचून दाखविली तर ती बहुतांशी नाहीशी होते. शिवाय अडचण कोणाची, हेही विचारले पाहिजे. पुण्यातील मुलगा ज्या ठिकाणी अडखळतो तेथे अमरावतीच्या खेड्यातील मुलगा प्रथमच न अडखळता वाचीत असतो. 'सोपी भाषा' या शब्दप्रयोगात कोणाला सोपी हा प्रश्न आपण गाळून टाकतो आणि उत्तर मात्र एकाच प्रदेशाच्या बाजूने देतो.

आवृत्तीचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे, आणि याद्यांत त्याची दखल फारशी घेतली जात नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले व १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांत 'नाहीं', 'घरांत', 'मुलें' अशी अनुच्चारित अनुस्वारांची रूपे आढळतात. चौदा वर्षांच्या वाचकास ती आरंभी विचित्र वाटतात. त्याच्यासाठी नव्या लेखननियमांची आवृत्ती घेणे उचित. परंतु लेखन बदलताना काही संपादक भाषाही बदलतात. 'केलं', 'सांगितलं' अशी बोलभाषेची रूपे 'केले', 'सांगितले' अशी करून टाकली की अनुस्वार गेला एवढेच होत नाही. बोलणारी व्यक्ती लिहिणारी होते. अशा रूपांना महामंडळाच्या नियमांनीही जागा दिलेली आहे, हे येथे सांगितले पाहिजे. संक्षिप्त आवृत्त्यांविषयी तर अधिकच सावध राहावे. संक्षेपात प्रथम जाते ती निवेदकाची वळणे, थांबणे, विषयांतर; प्रसंग तेवढे उरतात. ज्या पुस्तकाचे सारे सत्त्व सांगण्यात आहे त्याचे प्रसंग घेऊन काय करावयाचे?

भाषांतरांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे जपानी 'तोत्तोचान' (१९८१) मराठीत उपलब्ध आहे, आणि शाळेविषयीचे आत्मकथन म्हणून ते मुले, पालक व शिक्षक या तिघांनाही द्यावे असे आहे. मात्र आपल्याकडील भाषांतरांची मराठी बहुधा प्रमाण आणि सपाट असते. म्हणून अनुभवाच्या विविधतेसाठी भाषांतरे जरूर घ्यावीत, पण निवेदनभाषेच्या विविधतेच्या खात्यावर ती मांडू नयेत.

प्रत्यक्ष कामास उपयोगी पडेल अशी एक सूचना करावीशी वाटते. यादीच्या तक्त्यात लेखक, प्रकाशक, किंमत यांच्या पुढे विषयाचा रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत. एकात अवतरणचिन्हांबाहेरची भाषा कोणती ते लिहावे, दुसऱ्यात निवेदन कोणास उद्देशून आहे ते. पुस्तक कोणतेही पान उघडून दहा मिनिटे वाचले तरी हे दोन रकाने भरता येतात. पन्नास पुस्तकांची यादी भरून झाल्यावर पहिल्या रकान्यावरून नजर खाली नेली असता बहुधा 'प्रमाण, प्रमाण, प्रमाण' असेच आढळेल. मग कोणती चार पुस्तके काढून कोणती चार घालावयाची हे प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या गावाकडे पाहून ठरवावे. वऱ्हाडातील ग्रंथालयाची चार आणि सिंधुदुर्गातील ग्रंथालयाची चार एकच असण्याचे कारण नाही. आणि 'वनवास'च्या दोन प्रती घ्याव्यात. एक प्रौढांच्या कपाटात, एक कुमारांच्या.