कमानीचा वाढीव पाटा

आमच्या अंगणात एक जुनी टाटा ४०७ उभी असते. पाटीवर एमएच १८, म्हणजे माहेर धुळ्याचे. गेली पंधरा वर्षे ती यावल तालुक्यात आमच्याकडे नांदते आहे. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, केळीचे घड, शेजाऱ्याचे घरसामान, सगळे तिने वाहिले. मी अभियंता नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही अर्धवट सुटलेले. गाडीचे जे काही कळते ते मिस्तरींच्या शेजारी उकिडवे बसून, जुन्या सर्व्हिस मॅन्युअलची तेलकट पाने चाळून आणि बोटे सोलपटून घेऊन शिकलो. या लेखात मला एकाच प्रश्नाचा माग काढायचा आहे: जुन्या गाडीची दुरुस्ती आणि तिच्यात आपण करतो ती सुधारणा, या दोहोंत फरक काय? हा प्रश्न मला कन्नडच्या घाटात पडला.

आधी गाडीच्या नावाविषयी. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. करार १९६९ मध्ये संपला, पण नावे ठेवण्याची जर्मन रीत मागे राहिली. १२१० म्हणजे एकूण वजन सुमारे १२ टन आणि ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. त्याच रीतीने १९८६ मध्ये आलेल्या ४०७ मधला ४ हा टनांचा आणि ०७ हा ७० अश्वशक्तीचा. पुढे वजनाचे आकडे वाढले, नाव तेच राहिले. यात एक गोम आहे. तो चार टनांचा आकडा मालाचा नव्हे. गाडी, हौदा, माल आणि माणसे मिळून होणारा आहे. आपल्याकडे तो सर्रास मालाचा समजला गेला. मीही तसाच समजत होतो.

खानदेशात गाडीला हात लावल्याशिवाय भागत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, बोअरचे पाणी जड, आणि केळीसारखा माल, जो वाट पाहत नाही. धुळे तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या छेदावर वसलेले. अशा ठिकाणी कमानी, रेडिएटर, वायरिंग, हौदा यांची कामे करणाऱ्यांची आळीच तयार होते. तिथे बसले की दोन तऱ्हेची कामे दिसतात. वरवर सारखी, आतून वेगळी.

पहिली तऱ्हा रेडिएटरची. माझी गाडी मे महिन्यात सारखी तापायची. मिस्तरींनी रेडिएटरची वरची टाकी झाळ वितळवून काढली आणि आतल्या नळ्या दाखवल्या. चहाच्या पातेल्यात बसतो तसा पांढरा क्षार त्यांत साचला होता. वर्षानुवर्षे मी बोअरचे पाणी भरत आलो होतो. पाणी उडून जात होते, क्षार मागे राहत होता. त्यांनी पातळ सळया घालून एकेक नळी मोकळी केली आणि टाकी पुन्हा झाळली. तेव्हापासून मी कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरतो. इथे नवे काही झाले नाही. गाडी जशी घडवली होती, तशी पुन्हा झाली. याला मी दुरुस्ती म्हणतो.

दुसरी तऱ्हा दिव्यांची. रात्री उजेड कमी पडतो म्हणून मी ६० वॉटचे दोन बल्ब काढून १०० वॉटचे बसवले. हिशेब सोपा आहे: १२ व्होल्टवर १२० वॉटला १० अँपिअर प्रवाह लागतो, २०० वॉटला सुमारे १७. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जुन्या तारेत आणि डॅशबोर्डच्या स्विचमध्ये ती जवळजवळ पावणेतीन पट झाली. महिनाभरात स्विच वितळला. उजेडाची उणीव गेली खरी, पण ती स्विचमध्ये जाऊन बसली. शेवटी मूळ वॉटचे बल्ब परत आणले, बॅटरीपासून जाड तार ओढून रिले बसवला, म्हणजे स्विचवरचा भारच काढून घेतला. बल्बपर्यंत पुरता व्होल्टेज पोचला आणि तेवढ्यानेच उजेड वाढला.

हा धडा स्वस्तात मिळाला होता. मी तो दिव्यांपुरताच घेतला.

कारण त्याच वर्षी मी मागच्या कमानींत दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवला. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे, मधल्या बोल्टने आणि यू-बोल्टने आवळलेले. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहा टक्के वाढली तर ताठपणा सुमारे ३३ टक्के वाढतो. म्हणून एका पाट्यानेही गाडीचा नूर बदलतो. आधी माल जास्त झाला की गाडी मागून बसायची, टायर हौद्याला लागेल की काय असे वाटायचे आणि आम्ही दोन पोती उतरवायचो. पाटा वाढवल्यावर ती ताठ उभी राहू लागली. मी खूष होतो. गाडीचे ते बसणे ही तिची तक्रार होती आणि मी फक्त तिचे तोंड बंद केले आहे, हे मला कळले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कन्नडहून मका भरून चाळीसगावकडे उतरत होतो. नोंदणी पुस्तकातल्या वजनापेक्षा माल टनभर जास्त. शेजारी माझा अठरा वर्षांचा मुलगा. घाटात मी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलो. अर्ध्या घाटात जळका वास आला. पुढच्या वळणावर पेडल मऊ लागले आणि त्याच्या पुढच्या वळणावर थेट तळाला गेले. घाई करून तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. ती कठड्याला घासत थांबली. पलीकडे दरी होती. मुलगा काही बोलला नाही. त्याने माझा हात धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

काय झाले ते नंतर कागदावर मांडले. सहा टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ३० अंशांचे वीस लिटर पाणी, म्हणजे लग्नातला पाण्याचा एक जार, उकळीला आणायला लागते तेवढी ही उष्णता. खालचा गिअर असेल तर इंजिन त्यातला मोठा वाटा उचलते. चौथ्यात मी जवळजवळ सगळी ब्रेकवर टाकली. तापलेला ड्रम फुगून लायनिंगपासून दूर जातो आणि लायनिंगची पकडही घटते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा धरलेल्या ऑइलसाठी तोच १४० अंशांवर येतो. मी चार वर्षांत ते बदललेच नव्हते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला जाते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही.

चाळीसगावला एका वयस्कर मिस्तरींनी गाडीखाली सरपटून पाहिले आणि अहिराणीत विचारले, त्याचा अर्थ असा: "भाऊ, पाटा वाढवला, ब्रेक वाढवला का?" मी गप्प राहिलो. त्यांनी पुढे एवढेच सांगितले, की घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. वाहनधारकांच्या पारावर हे कलम म्हणजे पासिंगच्या वेळची कटकट समजली जाते, मीही समजत होतो. घाटानंतर ते वेगळे वाचले. गाडीची कमान, आस, टायर, ब्रेक हे सगळे एकाच वजनाच्या हिशेबाने घडवलेले असतात. त्यांतला एक दुवा बळकट केला की ताण नाहीसा होत नाही, पुढच्या दुव्यावर सरकतो. आणि तो पुढचा दुवा बहुधा दिसत नाही.

याचा अर्थ घरच्या घरी काही करूच नये असा मी घेत नाही. तसे म्हटले तर आपल्याकडची निम्मी शेती थांबेल. मी फक्त एक वही घातली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: काय बदलले, कशासाठी, आणि ताण आता कुठे गेला. तिसरा रकाना भरता आला नाही तर काम करायचे नाही. या वहीनेच मला फॅन बेल्टकडे नीट पाहायला लावले. माझ्या गाडीत तो एकच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, अल्टरनेटर फिरवतो, आणि अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला व्हॅक्यूम पंपही फिरवतो, ज्याच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. तो तुटला तर इंजिन तापेल, बॅटरी उतरेल आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे जड होईल. आता एक नवा पट्टा कायम सीटखाली असतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो. हवा काढताना पेडल मुलगा दाबतो, खाली मी असतो. वहीतल्या अलीकडच्या नोंदी त्याच्या अक्षरात आहेत.

वाढवलेले दोन्ही पाटे त्याच आठवड्यात काढले. कमानीचे पोलाद चांगले असते, लोहाराने त्याचे कोयते करून दिले. ते केळीच्या बागेत चालतात. गाडी पुन्हा पहिल्यासारखी मागून बसते, आणि ती बसली की आम्ही दोन पोती उतरवतो.