मुंबई–लंडन : ७,२०० किलोमीटर, पण तास किती?

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर दोन्ही विमानतळांमधलं अंतर भरतं सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगानं हिशेब आठ तासांचा. प्रत्यक्षात जाताना लागतात साडेनऊ-दहा, येताना नऊच्या आसपास. हा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला धावणारा जेट प्रवाह जाताना समोरून आडवा येतो, परतताना पाठीशी असतो. हिवाळ्यात तर त्याचा जोर विचारू नका.

शिवाय तो दोरा जातो बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, युक्रेन अशा मुलखावरून. यातलं कुठलं आकाश कधी बंद होईल, याचा नेम नाही. २०२२ पासून युक्रेनवरून प्रवासी विमानं जात नाहीत, म्हणजे वळसा आलाच.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हे विसरून वजाबाकी करू नये. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे.

एअर इंडियाचं या मार्गावरचं पहिलं विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत.