निवेदन, पाठपुरावा आणि पारदर्शकता

शासनाचा निर्णय आपल्यापर्यंत राजपत्रातून पोहोचतो. तो निर्णय व्हावा म्हणून कोणी, कोणाकडे व कोणत्या कारणे सांगून आग्रह धरला, हे मात्र राजपत्रात नसते. प्रस्तुत लेखाचा विषय हा न दिसणारा भाग आहे. वैद्य व औषधी विक्रेते या दोघांच्याही व्यवसायाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

चंद्रपूर जिल्ह्याने याचे एक उदाहरण जवळून पाहिले आहे. डिसेंबर 2010 मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या पुढाकाराने महिला चिमूरहून पायी निघून नागपूरला हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. कोणता निर्णय योग्य, हा वाद येथे अभिप्रेत नाही. मोर्चा रस्त्याने गेला म्हणून तो सर्वांनी पाहिला. अशा प्रश्नांवर दालनांत ज्या भेटी होतात, मग त्या कोणत्याही बाजूच्या असोत, त्यांची नोंद ठेवण्याची सक्ती आपल्याकडे कोणत्याही कायद्याने केलेली नाही.

अशा प्रयत्नांना आता सर्रास ‘लॉबिंग’ म्हणतात व तो शब्द लाचेच्या अर्थाने वापरला जातो. ही गल्लत टाळली पाहिजे. शासनापुढे गाऱ्हाणे मांडणे हा नागरिकाचा अधिकार आहे. लाच देणे हा गुन्हा आहे व त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. या दोहोंच्या मधला प्रदेश मोठा आहे. शिष्टमंडळे, छापील निवेदने, परिचयातून मिळालेल्या भेटी, कोणाच्या तरी खर्चाने भरलेल्या परिषदा हे सारे त्यात येते. त्यात बेकायदेशीर काही नसेलही. पण ते अंधारात राहिले की ज्याच्याजवळ पैसा व ओळख अधिक, त्याचेच म्हणणे शासनाला ऐकू येते.

अमेरिकेत यासाठी 1946 मध्ये पहिला कायदा झाला. 1995 च्या कायद्याने व्यावसायिक पाठपुरावा करणाऱ्यांना नोंदणी व खर्चाचे विवरण देणे बंधनकारक केले. त्याचा परिणाम आपणही पाहिला. डिसेंबर 2012 मध्ये तेथील विवरणांवरून असे उघड झाले की, वॉलमार्ट कंपनीने 2008 पासून अनेक विषयांच्या पाठपुराव्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले व त्या विषयांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाचाही समावेश होता. संसदेत गदारोळ झाला आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. आपल्या बाजारपेठेविषयीची ही माहिती आपल्याला परक्या देशाच्या दप्तरातून मिळाली, ही बाब विचार करण्याजोगी आहे. 2013 मध्ये खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी लॉबिंगची माहिती उघड करण्यासंबंधी अशासकीय विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत डिसेंबर 2018 मध्ये नियम 170 समाविष्ट झाला. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या रोगनिवारणाच्या जाहिरातींसाठी राज्य अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी व ओळख क्रमांक त्याने आवश्यक केला. मे 2023 मध्ये या औषधांच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने तो वगळण्याची शिफारस केली. 29 ऑगस्ट 2023 रोजी आयुष मंत्रालयाने राज्यांना त्याखाली कारवाई न करण्याचे कळविले. 1 जुलै 2024 च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला. 27 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि 11 ऑगस्ट 2025 रोजी प्रकरण निकाली काढल्यावर ती स्थगितीही संपुष्टात आली. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा 1954 चा कायदा मात्र कायम आहे, हे औषधी विक्रेत्यांनी विसरू नये.

सात वर्षांत एक नियम आला, थांबला, गेला, परतला व पुन्हा गेला. तो असावा असे मानणारे वैद्य आहेत, नसावा असे मानणारेही आहेत. प्रश्न एवढाच की, शिफारस होण्यापूर्वी मंडळापुढे कोणाची निवेदने आली व त्यांत कोणती कारणे होती, हे आपल्यापैकी कितींनी वाचले आहे?

हे वाचण्याचा मार्ग उपलब्ध आहे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार, धोरण आखताना जनतेशी सल्लामसलतीची काय व्यवस्था आहे आणि मंडळे व समित्यांच्या बैठकांचे इतिवृत्त जनतेला मिळू शकते काय, हे प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असते. ते न मिळाल्यास दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो व सामान्यतः 30 दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात ‘माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता बैठकीचा दिनांक, विषय व ‘प्राप्त निवेदनांच्या प्रती’ असा स्पष्ट उल्लेख करावा. याशिवाय केंद्र शासनाच्या 2014 च्या धोरणानुसार विधेयके व नियमांचे मसुदे किमान 30 दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. त्या मुदतीत हरकत नोंदविणे, हा उघड पाठपुरावाच होय.

तथापि दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत ‘आयुर्वेदाच्या रक्षणार्थ’ अशा शीर्षकाचे छापील निवेदन फिरले. रुग्ण खोळंबले होते. मी न वाचता स्वाक्षरी केली. नंतर प्रत पाहिली, तेव्हा त्यातील बहुतेक मागण्या औषधनिर्मात्यांच्या सोयीच्या होत्या. ग्रामीण वैद्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. छपाईचा खर्च कोणी केला, हे मी विचारले नव्हते. नाडी न पाहता औषध लिहून देणाऱ्याला आपण दोष देतो. मी त्याहून वेगळे काय केले होते?

यास्तव संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, शासनाला दिलेल्या प्रत्येक निवेदनाची प्रत, दिनांक व ते स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम या त्रैमासिकात छापावे. दुसरी, शिष्टमंडळाचा प्रवास, परिषद व छपाई यांचा खर्च कोणत्या औषधनिर्मात्याने वा विक्रेत्याने केला असल्यास तसे नमूद करावे. तिसरी, निवेदन तालुका शाखेत वाचून दाखविल्याशिवाय त्यावर स्वाक्षऱ्या घेऊ नयेत.

यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. एक नोंदवही पुरेशी आहे. आपली नोंदवही खुली असेल, तरच इतरांची पाहण्याची मागणी आपल्याला ताठ मानेने करता येईल. मूल तालुक्याच्या पुढील बैठकीत ही सूचना मी स्वतः मांडणार आहे.