केळ्याला मिळालेलं श्रेय

एका आजींनी विचारलंय : नातीला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिला सोसत नाही; सुट्टीत मुंबई दाखवायची आहे, हॉटेलात तिला काय खाऊ घालू? वरवर पाहता उत्तर सोपं आहे. उडुप्याकडे डोसा, मालवणी खानावळीत तांदळाची भाकरी. यात गहू कुठे आला?

तव्यावर आला. साध्या डोशाआधी तिथे रवा डोसा झालेला असतो. सांबारातल्या हिंगात बहुधा मैदा असतो. साबुदाणा वडा निर्धोक खरा, पण त्याच कढईत समोसे तळले असतील तर नाही. तेलाच्या तापमानाने ग्लुटेन मरत नाही. थालिपीठाच्या भाजणीत तर गहू आपणच घालतो. आणि मात्रा किती? बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. एका पोळीत ते साधारण ३ ग्रॅम असतं. म्हणजे पोळीचा तीनशेवा भाग! पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मेन्यूकार्डावरचे तेच शब्द मात्र बहुधा पाककृतीपुरते असतात, कढईची हमी देत नाहीत.

ताटात काय आहे यापेक्षा काय नाही हे पाहायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळी खाऊ घालून बरं केलं. मुलं खरोखर सुधारली. सगळं श्रेय केळ्याला गेलं; त्याच पथ्यात पाव बंद होता, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते गेलं हेगमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचं. त्यांची गोष्ट नेहमी अशी सांगतात : १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आजारी मुलं सुधारली आणि डिकेंना साक्षात्कार झाला. गोष्ट झकास, पण डिकेंवर अन्याय करणारी. गव्हाविना आहाराबद्दल त्यांनी १९४१ सालीच लिहिलं होतं. दुष्काळाने त्यांच्या संशयाला बळ दिलं, इतकंच. पुढे वेयर्स आणि व्हान डे कामर या सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांच्या विष्ठेतली, आतड्यात न शोषलेली चरबी मोजली : गहू दिला की वाढे, थांबवला की उतरे. कंटाळवाणं, घाणेरडं, चिकाटीचं काम! विज्ञान बहुतेक वेळा असंच पुढे सरकतं, पण दंतकथा होते ती दुष्काळाची.

तेव्हा आजी, वेटरला ‘यात गहू आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. गर्दी नसताना जा, थेट आचाऱ्याला गाठा. तवा वेगळा आहे का? या तेलात आधी काय तळलं? भाकरीला पीठ कोणतं लावता? हिंग कुठला? तो आत जाऊन डबा बघून आला, तर बसा. जागेवरूनच ‘हो हो, चालेल’ म्हणाला, तर नातीला शहाळं पाजा आणि पुढचं हॉटेल गाठा.