चांदी घ्या, नक्षी नको!
घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या सराफाकडे लक्ष्मी-गणपतीची छाप असलेला चांदीचा बार दिसला, की पॉकेटमनी खिशात राहत नाही. पण गुंतवणूक म्हणून घेताय? मग आधी गणित करा. समजा, चांदी १,००० रुपयांची. त्यावर घडणावळ १०० रुपये, वर ३ टक्के जीएसटी. बिल झालं १,१३३ रुपये! विकताना मात्र सराफ वजन आणि शुद्धताच बघणार; नक्षीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणजे भाव १३ टक्क्यांहून जास्त वाढला, तरच फायदा. तेव्हा ९९९ शुद्धतेचा साधा बार घ्या, पक्कं बिल जपा आणि परत कोणत्या भावाने घेणार, हे आधीच विचारा. घडणावळच नको असेल, तर २०२२ पासून आपल्याकडे सिल्व्हर ईटीएफही आहेत. नक्षीवाला बार? तो बहिणीला गिफ्ट द्यायला मस्तच!