आंब्याच्या छाटणीसाठी घरीच करा लाकडी चौकटीची करवत



आंबा उतरला की लगेच छाटणी सुरू होते, म्हणून हा मेसेज आधीच टाकतोय. मनगटापेक्षा जाड फांदी अजूनही बरेच जण कोयत्यानेच तोडतात. कोयत्याने खुंट फाटतो, फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. अशी जखम लवकर भरत नाही आणि भिरूड (खोडकिडा) अशाच फाटलेल्या सालीत अंडी घालतो. लोखंड कापायचं हॅक्सॉ पातंही इथे चालत नाही. त्याला इंचात १८ ते २४ दात असतात, ओला भुसा त्यात बसतो आणि दोन मिनिटांत पातं नुसतं घसरायला लागतं. ओल्या लाकडाला इंचात ४ ते ६ दात हवेत.

असं पातं फर्निचरच्या कारखान्यात भंगारात मिळतं. बँडसॉचं तुटलेलं, पाऊण ते एक इंच रुंद पातं मागा. गुंडाळलेलं पातं सोडताना जपून, ते एकदम उसळतं. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. १८ इंचाचा तुकडा हवा. कानशीने आडवी खूण खोल करा, पक्कडीत धरून वाकवा, तिथेच तुटतं. तेव्हा डोळ्यावर चष्मा असू द्या.

पात्याला भोक पडत नाही अशी तक्रार असते. पोलाद कडक असतं म्हणून. दोन्ही टोकांचा फक्त शेवटचा एक इंच चुलीत लाल होईपर्यंत तापवा आणि राखेत हळूहळू गार होऊ द्या. पाण्यात बुडवलं तर उलट आणखी कडक होईल. मग ५ मिलिमीटरचं भोक सहज पडतं. दोन भोकांत १७ इंच अंतर ठेवा.

आता चौकट. लाकूड वाळलेलंच घ्या. जुन्या औताचं बाभळीचं किंवा सागाचं असेल तर उत्तम. दोन उभे हात १४ इंच लांब, दीड इंच रुंद, एक इंच जाड. खालच्या टोकाला हॅक्सॉने उभी चीर पाडा, पातं त्यात बसवून ५ मिलिमीटरच्या बोल्टने अडकवा. पात्यापासून ६ इंच वर दोन्ही हातांना पटाशीने अर्धा इंच खोल चौकोनी खाच पाडा. मधली आडवी पट्टी साडेसोळा इंच लांब. तिची दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच तासून खाचेत बसवायची. *इथे खिळा नको, फेव्हिकॉलही नको.* माझ्या पहिल्या करवतीत मी नेमके खिळे मारले होते. दोरी पिळली तरी पातं ढिलंच, आणि जोर लावल्यावर हातच चिरला. ही पट्टी म्हणजे तराजूचा मधला टेकू आहे. वरून हात आत ओढले की खालची टोकं बाहेर जातात आणि पातं ताणतं, त्यासाठी सांधा हलता हवा.

वरच्या टोकांना बाहेरून खाच करून नायलॉन दोरीचे चार वेढे घ्या. वेढ्यांच्या मधोमध आठ इंचाची कांडी घालून पिळा. मधली पट्टी आडवी आली की कांडी थोडी वर सरकवून पुढे फिरवायची आणि शेवटी पट्टीलाच टेकवून ठेवायची. पातं बोटाने छेडल्यावर तारेसारखं वाजलं की पुरे. ताणलेलं पातं पातळ असूनही वाकत नाही, भुसा कमी पडतो, दमही कमी लागतो. काम झालं की दोरी सैल करा, नाही तर हात वाकडे होतात.

दात बोथट असतील तर तिकोनी कानस प्रत्येक दाताला तेवढ्याच वेळा फिरवा. दात एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकलेले आहेत का तेही बघा. सगळे सरळ झाले असतील तर करवत फांदीत अडकणार.

या करवतीने साधारण ५ इंचापर्यंतची फांदी कापता येते, त्यापुढे चौकट आड येते. दाट बेचक्यातही ती घुसत नाही. तिथे साधी करवतच बरी.

कापताना तीन काप घ्या. खोडापासून एक फूट लांब, खालून एक तृतीयांश. मग त्याच्या थोडं पुढे वरून, फांदी तिथे पडू द्या. उरलेला खुंट शेवटी काढा, पण फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो तो कापू नका. जखम तिथूनच भरते. कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

पट्टीची खाच जमत नसेल तर लाकूड घेऊन ऑफिसला या, पटाशी आणि ड्रिल इथे आहे. झालेल्या करवतीचा फोटो ग्रुपवर टाका.